तास

केसपेपरवर डॉक्टर लिहून गेले : डिलिरियम.
रात्रपाळीत मला झोप नव्हती, रेंजही नव्हती;
औषधांच्या कपाटाला टेकण लावलेला जाड कोश
ओढून काढला. कपाट कलंडलं थोडं.

लॅटिन. डे म्हणजे बाहेर,
लिरा म्हणजे नांगराचा तास.
रोमातल्या कुण्या कास्तकाराचा बैल
तास सोडून भलतीकडे गेला
आणि कितीक शतकं चालत
आमच्या पिंपळखुट्याच्या दवाखान्यात
खाट नंबर चारपाशी येऊन थांबला.

खाटेवर इस्तारी मडावी.
ताप एकशे चार. सलाईनची नळी
कासऱ्यासारखी मुठीत धरलेली,
जिभेनं टकटक, मधेच एक शिवी.

मी जंगूबाईला विचारलं,
किती तास झाले असं?

ती बोटं मोजत होती, तेवढ्यात
खाटेवरून खणखणीत उत्तर आलं :
"सतरा झाले. धुऱ्यापावतर तीन राह्यले.
बैल सरके चालून राह्यले ना बाबू,
तू कायले मधात उभा हायेस? हट."

मी हटलो.
नळी तेवढी सोडवून घेतली हळूच.
पेपरवरचा शब्द तसाच ठेवला;
डॉक्टरांचं लिहिलेलं
आम्हाला खोडता येत नाही.