खोट

रात्री अकरानंतर टेबल शांत होतं.
तोवर मागच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जातात,
डबल ट्रॉली, वर गाणी फुल्ल,
आणि माझ्या आलेखाची रेघ
त्यांच्या ठेक्यावर थरथरते.

मग मी हिरवा किरण सोडते
लिथियम नायोबेटच्या तुकड्यावर.
नखाएवढा. काचेसारखा.
नुसत्या डोळ्याला त्यात काहीच नाही.
आत दोन वस्त्या आहेत:
एकीतले अणू जरासे वर सरकलेले,
दुसरीतले खाली,
आणि मध्ये भिंत,
जिला जाडी आहे म्हणायची लाज वाटावी.

पाठवलेला उजेड बहुतेक तसाच परततो,
दारावरूनच मागं फिरलेल्या पाहुण्यासारखा.
कोटीतला एखादा मात्र आत जाऊन येतो,
स्फटिकाला थोडं देऊन,
किंचित रंग उतरून.
त्या एकासाठी सगळी रात्र.

आण्णा शिरोलीत कास्टिंग तपासायचे.
हातोडी आणि कान, बास.
खणखणीत वाजलं की ट्रकमध्ये,
बद वाजलं की परत भट्टीत.
एकतीस वर्षं.
शेवटी कानच बद झाले.
आता जेवताना वाटीला चमचा मारतात
आणि कडेला बोट टेकवून बघतात.

त्यांना माझं काम सांगायला सोपं गेलं.
मोठ्यानं म्हटलं, मीही ठोकूनच बघते,
फक्त हातोडी उजेडाची.
‘मग वाजतं काय?’
वाजत नाही, आण्णा. एक टेकाड उठतं कागदावर.
भिंतीजवळ गेलं की ते सरकतं. अर्ध्या अंकानं.
‘अर्ध्या?’
जेवण थांबवून बघत राहिले माझ्याकडं.
‘आणि एवढ्यासाठी तू रात्री घरी येत नाहीस.’

मगदूम सर दोन आठवडे म्हणत होते,
तापमान असेल. दार उघडलं असशील.
चौगुलेमामांनी पंखा लावला असेल.
मी शेजारी सिलिकॉन ठेवला, साक्षीदार म्हणून.
पाचशे वीसवर बसून राहिला पठ्ठ्या, ढिम्म.
माझं टेकाड सरकलंच.

मग कळत गेलं, हळूहळू, आणि थोडं चुकत:
खालची वस्ती मीच उलटवली होती,
श्रावणात, दहा हजार व्होल्ट लावून.
अणू निमूट फिरले.
पण लिथियमच्या जागेवर जे नायोबियम घुसून बसलेत,
आणि त्यांच्याभोवती ज्या रिकाम्या जागा आहेत,
त्यांना कुणी सांगितलंच नाही.
सगळी वस्ती खाली बघतेय
आणि त्या खोटी अजून
जुन्याच दिशेला तोंड करून.

परवा तुकडा भट्टीत ठेवला,
दोनशे तीस अंश, पाच तास.
पुन्हा किरण. पुन्हा बिंदू बिंदू,
एकेका बिंदूला चार सेकंद.
वस्तीत टेकाड जागेवर आलं होतं.
भिंतीशी मात्र
अजून थोडं तिरकं राहिलंय.
किती ते लिहिलंय वहीत,
का, ते लिहायला जागा सोडलीय.

रविवारी डबी घरी नेली, सरांना न विचारता.
आण्णांनी पहिला प्रश्न केला तो धंद्यातला:
‘खोट सापडली न्हवं? मग टाकणार काय वितळवायला?’
नाही म्हटलं.
खोट आहे म्हणून तर भिंत थांबलीय तिथं.
नसती, तर जराशा धक्क्यानं
घसरत गेली असती दुसऱ्या टोकाला.

ऐकू आलं की नाही, माहीत नाही.
‘भट्टी बघितलेल्याला असलं काय सांगू नको,’ म्हणाले,
की आईला म्हणाले ते, भाकरी करपत होती.
डबी घेऊन दारात गेले, उजेडाला.
झाकण उघडू नका म्हणेपर्यंत उघडलं होतं.
नखानं स्फटिकाच्या कडेला
एक टिचकी मारली, अगदी हलकी,
आणि बोट तसंच ठेवून
उभे राहिले.