चार मिनिटं

लांग सोनच्या डोंगरात बाद्यान वाळत घातलं
की आमच्या आरोग्य केंद्राच्या पायरीपर्यंत वास येतो.
त्या वासातच आणलं चान आजोबांना,
मोटरसायकलवर, लेकाच्या पाठीला चादरीनं बांधून.

छातीत उजवीकडे, खाली,
ओल्या वाळूवरून कोणी चालावं तसा आवाज.
कानावर माझा विश्वास आहे.
तरी बोट टोचलं, थेंब पट्टीवर सोडला,
आणि यंत्र म्हणालं, थांब.

चार मिनिटं.
एवढ्यात भात करपतो.
एवढ्यात लेकानं तीनदा विचारलं,
"गोळ्या का देत नाही?"

एकशे बेचाळीस.
हा आकडा जंतूचं नाव सांगत नाही.
यकृतानं रात्रभर बडवलेला ढोल तो;
आग लागलीय एवढंच कळतं,
कुठल्या चुलीतून, ते नाही.

आधी इंजेक्शनं, मग कॅपसुली.
तिसऱ्या दिवशी एकसष्ट.
पाचव्या दिवशी अकरा,
आणि आजोबांनी बांबूची चिलीम मागितली.
चिलीम दिली नाही. "औषधही आता बंद," म्हणाले.

सुरू करताना कधी माझा हात कापला नव्हता.

उरलेल्या सहा लाल-पिवळ्या कॅपसुली
ल्येन आजीनं बाद्यानच्या बरणीत ठेवल्या,
लग्नातली अंगठी ठेवावी तशा.
"पुढच्या खोकल्याला."
मी खालच्या सपाटीवरची, तिची ताय बोली मला
तापापुरती, दुखण्यापुरती येते.
अर्धवट औषधावर जंतू शहाणे होतात,
हे त्या बोलीत कसं सांगायचं?

दोन महिन्यांनी नातीला घेऊन आली.
खोकला, वाहतं नाक, छाती मात्र मोकळी.
थेंब.
या वेळी तिघी एका बाकावर,
गुडघ्याला गुडघा लावून थांबलो.

सहा.

"सहा म्हणजे?"
"म्हणजे मध, कोमट पाणी. उद्या परत दाखव.
धाप लागली तर रात्रीसुद्धा उठव मला."
ती आकड्याकडे बघत राहिली,
माझ्याकडे नाही.

मग कमरेच्या निळ्या पट्ट्यातली गाठ सोडली,
आणि माझ्या तळहातावर एकेक करून ठेवल्या
कॅपसुली.
पाच.

मी काही विचारलं नाही.
तिनंही काही सांगितलं नाही, फक्त नातीचं
नाक पुसलं, जरा जास्तच जोरात.

तळहाताला बाद्यानचा वास राहिला.
फोन उशाशी घेऊन पडले,
आणि बराच वेळ
त्या पोरीचे श्वास मोजत होते, इथूनच.