भोगवटादाराचा रकाना

नमुना आठ, मालमत्ता क्रमांक दोनशे चौदा.
विटा-सिमेंट, वर कवेलू.
संडास एक. आता तीन झाले, फेरआकारणी बाकी.
मालकाचं नाव: मार्लीस शालिक रंगारी, राहणार डॉर्टमुंड.
गावाचं नाव तालुक्याच्या कॉम्प्युटरनं नीट घेतलं नाही,
उताऱ्यावर ती अजून दोरमुंड्याची आहे.
सिरोंच्याकडे असं एखादं गाव असेलही.

शालिक माझ्या थोरल्या भावाच्या वर्गातला.
कोळसा खाणीत फिटर होता,
तिकडं गेला तोही खाणीच्या मशीनमागंच.
घर बांधलं सुट्टीत राहायला.
दोन सुट्ट्या राहिला.

आता त्या घराची एक रात्र चार हजाराला जाते,
जंगलाचं गेट सात किलोमीटर.
गेट बंद असतं त्या दिवशी सांदवाडीत चादरी वाळतात,
पांढऱ्या, एकावरही नाव नसलेल्या.

बाई दर हिवाळ्यात येतात. फाइल टेबलावर ठेवतात,
म्हणतात, जे भरायचं ते सांगा, मला भरायचं आहे.
बावीस वर्षांत हे वाक्य
या टेबलासमोर कोणी बोललं नव्हतं.
शिपायानं पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

मी सांगितलं ते माझ्या पुस्तकातलं:
घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी.
राहत्या घराचा दर वेगळा, धंद्याचा वेगळा.
एक रात्र राहणारा माणूस भाडेकरू की गिऱ्हाईक,
हे मला नियमात सापडलं नाही.
बाकीचं वरोऱ्याचा सीए सांगतो:
मालक परदेशी, म्हणून भाड्यातून कर आधीच कापायचा,
मग वर्षाअखेरी कापलेलं मागायचं.
आणि घर चालेल, शेत विकत घेता येणार नाही.
त्या धुऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडं लोंबीला आलेला धान.
"बघता येतं ना?"
मी म्हटलं, त्याला पट्टी नाही.

परदेशी पाहुणा आला
की चोवीस तासांत वर कळवायचं असतं.
गावात रेंज नाही, बोडीच्या पाळीवर आहे.
रात्री नऊला पार्बता नन्नावरे पाळ चढते,
एका हातात काठी, दुसऱ्यात मोबाइल,
मोबाइलमध्ये कोण्या देशाच्या कोणाचा पासपोर्ट.
वर धरून उभी राहते.
मी विचारलं, वाघाचं भेव नाही वाटत?
"वाघ आपल्या वाटेनं जाते जी.
हे चाक फिरून फिरून थांबते, त्याचंच भेव."

उरला एक रकाना. भोगवटादार.
बाईंनी अर्थ विचारला.
मी म्हटलं, भोगणारा. म्हणजे सुख घेतो तो.
म्हणजे सोसतो तोही.
"दोन्हीला एकच शब्द?"
वहीत लिहून घेतला, खाली दोन रेघा मारल्या.
आणि म्हणाल्या, मग पार्बता लिहा.
आठ वर्षं मागच्या खोलीत तीच झोपते,
टाकी तीच भरते, बल्ब तीच बदलते,
शालिकच्या फोटोवरची धूळही तीच पुसते.

मी पेन टेकवलं.
पार्बता दारातच होती, चहाचा ट्रे घेऊन.
"नोको, नोको भाऊ.
माहं नाव घरकुलाच्या यादीत हाय.
पक्क्या घरात नाव दिसलं का कटते."

मी बाईंना समजावून सांगितलं.
पहिल्यांदा समजलं नाही.
दुसऱ्यांदा समजलं तेव्हा
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, बराच वेळ.
चहावर साय आली.

रकाना रिकामा ठेवता येत नाही, ऑडिटला लागतो.
मी लिहिलं, स्वतः.
गावातल्या अर्ध्या घरांना तेच लिहिलेलं आहे.

पावती फाडताना माझं पेन चालेना,
बाईंनी त्यांचं दिलं.
ते माझ्याकडेच राहिलं.
निळी शाई आहे, रजिस्टरला चालत नाही.