न उगवलेला दात

टोमेलिलाच्या उत्तरेला आमची डुकरं, चारशे दहा.
माझा खालचा डावा सुळा हलतो, एक.
मोजणी एवढीच.

लुंडच्या दवाखान्यात इल्वानं
हिरडीत बारीक सळई सारली
आणि आकडा मोठ्यानं उच्चारला : आठ.
सहायक मुलीनं तो टिपून घेतला,
मी पिलांची वजनं खडूनं भिंतीवर टिपते तसा.
आठ मिलिमीटर आधार निघून गेला होता,
ना ठणका, ना सूज.
पाणथळ कुरणात कुंपणाचा खांब असाच सुटतो.
वरून ताठ दिसतो,
आणि एक दिवस गाय नुसती पाठ घासते.

"उपटून टाका," मी म्हटलं.
"थांबा," ती म्हणाली. "आधी ती ओठाखालची तंबाखू टाका."
टूरेनं ह्याच एका गोष्टीपायी
तीस वर्षं दाताच्या कण्या केल्या.
त्याचं ऐकलं नाही, हिचं ऐकलं.
(तू ऐकत असशील तर : हो, माहीत आहे.)

मग जेल कशाचं ते सांगताना
तिनं आवाज जरा खाली घेतला.
काही लोक नको म्हणतात,
कुणी धर्मासाठी, कुणाचं मन होत नाही म्हणून.
डुकराच्या जबड्यात जी दाढ अजून वर आलेली नसते,
तिचं एनॅमल ओल्या चीजसारखं मऊ असतं.
त्यातलं हे प्रथिन.
दात घडताना कोवळ्या मुळाला तेच सांगतं :
इथे थर बसू दे, इथे दोरे, इथे हाड.

मी हसले.
इतकी हसले की तिला सळई बाजूला ठेवावी लागली.
पिल्लू जन्मलं की दुसऱ्या दिवशी
मी त्याला काखेत दाबून धरते
आणि त्याचे सुईसारखे दात घासून बोथट करते,
आईच्या आचळांना लागू नयेत म्हणून.
प्रत्येकाचे आठ.
चाळीस वर्षं ह्या हातांनी
दुसऱ्यांचे दात कमी केले आहेत, बाई.

नोव्हेंबरात तिनं हिरडी उघडली.
किटण खरवडलं, मूळ धुतलं,
रक्त थांबायची वाट पाहिली,
पिचकारीतून दोन थेंब सोडले,
आणि निळ्या धाग्यानं शिवून टाकलं.
"आता सहा महिने इथे सळई लावायची नाही."

सहा महिने.
परतीच्या रस्त्यावर मी रेडिओ लावला नाही.
आमच्या शेडमधलं डुक्कर तेवढंच जगतं.
दाढा पुऱ्या वर येण्याआधी ट्रक येतो.
त्याचा अख्खा जन्म,
तेवढी माझ्या हाडाची मुदत.

त्याच रात्री अकरा पिलं झाली.
कॅलेंडर लागलंच नाही मला.
ती पेंढ्यात उभी राहिली तेव्हा टाके निघाले,
ती तीस किलोंची झाली
तेव्हा डाव्या बाजूनं उकडलेला बटाटा खाल्ला,
पुढे कधीतरी राईची कडक पोळी, भीतभीत.
मेमध्ये फळी मीच लावली ट्रकला.
अकराची अकरा चढली, एक जरा अडलं,
मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा गेलं.

पुढच्या मंगळवारी इल्वा म्हणाली : चार.
म्हणजे चार आले परत. सगळे नाहीत.
एक्स-रेत काळ्या खळग्याच्या तळाशी
पाणी घातलेल्या दुधासारखं काहीतरी फिकट.
"हे हाड तुमचंच आहे," ती म्हणाली,
मी न विचारताच.
बरं. पण आपलेच दात आपलेच ओठ
असं बिनधास्त म्हणायची सोय मात्र गेली.

त्या आठवड्यात नवी वीण झाली.
सगळ्यांचे दात घासले,
शेवटच्याचे राहू दिले. का ते विचारू नका.
दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची आई अशी किंचाळली
की मी चपलेविना धावले.
आचळावर दोन लाल ठिपके.
यंत्र लावलं, त्याला काखेत घेतलं,
जिभेनं आपला सुळा चाचपला, घट्ट होता,
आणि घासले. आठही.