वाघाची शेपूट

क्लब विकायला काढलाय,
हे पेपरात यायच्या आधी अक्कलकोट रोडला कळलं.
तीनशे टॉवेलांची ऑर्डर थांबवा, असा फोन गेला.
आधीच्या दोनशेंचं बिल अजून थकलेलंच.

मग रायपूरचा माणूस आला,
एप्रिलात, भर दुपारी.
रिकाम्या स्टँडच्या पायऱ्या त्यानं मोजल्या,
गोलच्या जाळीतलं भोक बोटानं चाचपलं,
किलोभर शेंगाचटणी बांधून घेतली आणि म्हणाला :
पोरं नेतो, बस नेतो.
वाघ पण राहू दे, झकास आहे.
फक्त गावाचं नाव काढा.

मी क्लबचा कपडेवाला.
निरोप घेऊन नरसय्या इरबत्तीकडे गेलो.
त्यानं माग थांबवला.
(इतक्या शांततेत त्याचा आवाज
मी पहिल्यांदाच ऐकला.)
जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ
ट्यूबलाइटसमोर धरली, भोकाभोकांतून उजेड.
"हे बघ, एक पुठ्ठा म्हणजे एक आडवी ओळ.
सोलापूर ज्या ओळींत आहे
त्याच ओळींत वाघाची शेपूट.
नाव काढलं की शेपूट जाते.
सांग की आता, बिनशेपटीचा धाडू का?"

मला हसू आलं. पुरतं आलं नाही.
त्यानं माळ परत चढवली, बटण दाबलं.
कुणाची ऑर्डर, मी विचारलं नाही.

शनिवारी शेवटची मॅच.
तीन गोल खाऊन मुजम्मिल बाहेर आला,
कोऱ्या टॉवेलात तोंड खुपसून
बराच वेळ बसला.
खांद्यावरून शेपूट लोंबत होती,
अख्खी, अक्षरांसकट.