धोटा

खासबागच्या तिसऱ्या गल्लीत
संध्याकाळी सात वाजता मी चपला काढते,
हात धुते, पुसते आणि फरशीवर बसते.
गुडघे माझेही वाजतात.
धोटा मान वर करत नाही,
शेपटीचं टोक एकदा आपटतो फक्त :
आलीस होय.

नाव विरुपाक्षीनं ठेवलेलं.
पिल्लू असताना मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
धावायचा म्हणे, पाठोपाठ सूत सुटत असल्यासारखा.
आता सोळा वर्षं. मागचे पाय
दुसऱ्या कुणाचे असावेत तसे ओढतो.
डोळ्यांत पातळ ताक. कान गेले.
तरी चार माग चालू असले
की फरशीची थरथर त्याच्या बरगड्यांत शिरते
आणि तो निवांत झोपतो.
वीज गेली की दचकून उठतो.
शांतता तेवढी ऐकू येते त्याला.

मी टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षं
अनोळखी माणसं एकमेकांना जोडून दिली.
बोला, म्हणायचं आणि बाजूला व्हायचं.
रेकी टिळकवाडीत शिकले, निवृत्तीनंतर,
अर्धा विश्वास, अर्धी रिकामी दुपार.

गंगव्वाला पहिल्याच दिवशी सांगितलं,
याचे पाय परत येणार नाहीत.
डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही.
ती म्हणाली, कुंद्यात घालून देते की,
कुंदा खातो, गोळी ठेवतो, शाणा आहे.
ती कानडीत बोलते, मी मराठीत,
भाजी घेताना दोघी उलट.
कुत्र्याला मात्र शिव्या मराठीतून, लाड कानडीतून.
विरुपाक्षीची पद्धत. तिनं मोडली नाही.

तळहात मी त्याच्या पाठीच्या बोटभर वर धरते,
विचारल्याशिवाय टेकवत नाही.
कधी तो सरकून दूर जातो. जाऊ देते.
कधी स्वतःच कंबर हाताखाली आणून ठेवतो,
बसमध्ये उभी म्हातारी
आपली पिशवी तुमच्या मांडीवर ठेवते तशी.
मग श्वास लांबतो. ओठ सैल पडतो,
एक पिवळा दात दिसतो.

कै बिसि, गंगव्वा माझ्या मनगटाला शिवून म्हणते,
हात तापलेत. कुठून येतं हे?
लाइन कुठून येते
ते एक्स्चेंजात बसूनही मला कधी कळलं नव्हतं.

शिकवताना दिलेलं एक वाक्य मी मनात म्हणते :
फक्त आजच्यापुरतं, काळजी नको.
एकदा ते चुकून मोठ्यानं निघालं.
गंगव्वानं दातानं सूत तोडावं तसं तोडून
त्यातलं हवं तेवढं घेतलं :
इवत्तष्टे.
आजच्यापुरतं.
आणि नवरा गेल्यापासून दीड वर्षांत
पहिल्यांदा ती भिंतीला पाठ टेकून बसली.

गुरुवारी वीज गेली.
चारही माग एकदम थांबले.
आम्ही दोघी त्याच्या कानांकडे बघत राहिलो.
उठला नाही.
हाताखाली ऊब होती अजून,
पण ती माझीच होती.

शुक्रवारी सात वाजता मी घरात,
हात धुऊन, पुसून,
कुठे ठेवायचे ते कळेना.
फोन वाजला. बर्री, ती म्हणाली, चहा टाकलाय.

त्याची वाकळ तिनं उचलली नव्हती.
तिच्यावर केस, एक अर्धवट चाटलेली गोळी.
एका कडेला मी बसले, एका कडेला ती.
चहा निवला, तिनं कप बाजूला सारला,
आणि तिचा सुतानं चिरलेला तळहात
माझ्या गुडघ्याच्या बोटभर वर येऊन थांबला.
टेकवला नाही.
इतके महिने बघत होती तर.

मी गुडघा थोडा पुढे सरकवला.
खाली फरशीत माग चालू होते.