शिल्लक

त्या रविवारी प्रवचन झालंच नाही.
फादर एलेउतेरिओ वेदीच्या पायऱ्या उतरून
आमच्या बाकांच्या उंचीवर आले.
हातात छपराच्या निधीची वही,
लाल कापडी, कोपऱ्यावर मेणाचे थेंब.

"मे महिन्यात यातले एक्केचाळीस हजार मी घेतले.
बहिणीचं ऑपरेशन होतं, म्हापशाला.
कुणाला विचारलं नाही.
ऑगस्टमध्ये परत ठेवले, पै न पै.
हिशेब जुळतो.
मी जुळत नाही."

पंखा फिरत राहिला.
मानशीच्या लिलावात दरसाल भांडणारा सालुझिन,
तोही गप्प.

बाहेर आल्यावर मात्र तोंडं सुटली.
परत केले ना, मग सांगायचं कशाला?
आता पोरांना कुठल्या तोंडानं म्हणायचं, फादरांचं ऐका?
मेणबत्त्या विकणारी पियेदाद तेवढी म्हणाली,
कन्फेशनच्या जाळीपलीकडेही गुडघे असतात तर.

मी काही बोललो नाही.
मी खजिनदार.
जूनमध्येच पाकीट हाताला हलकं लागलं होतं.
दोनदा मोजलं, दिवा जवळ ओढून,
आणि वहीत लिहिलं: शिल्लक बरोबर.
पांढऱ्या झग्याला प्रश्न विचारायची आमच्यात रीत नाही.
बापानं शिकवली नाही, त्याला त्याच्या बापानं.
मी त्याला आदर म्हणायचो.

आमचं चोडण खाडीच्या पातळीखाली भात पिकवतं.
बांध फुटायला पूर लागत नाही,
एक कुर्ली पुरते, अंगठ्याएवढं बीळ.
ज्याला दिसेल त्यानं आधी चिखल थापायचा,
शेत कुणाचं ते मागून विचारायचं.
हे मात्र बाप शिकवून गेला होता.

फादरांनी आपणहून बिशपांना पत्र लिहिलं.
नोव्हेंबरात बदली, काणकोणच्या टोकाला.
एक ट्रंक, एक छत्री.
फेरीवर ट्रंक चढवताना म्हणालो,
फादर, मला ठाऊक होतं.
इंजिन धडधडत होतं, वाटलं ऐकू गेलं नसेल.
"मलाही ठाऊक होतं, बोस्त्यांव," ते म्हणाले,
"त्या पानावर तुझं अक्षर थरथरलंय."

नवे फादर तरुण आहेत, गिटार वाजवतात.
पहिल्याच दिवशी त्यांना ते पान दाखवलं.
माझी ओळ मी खोडली नाही.
तिच्याखाली लाल शाईत लिहिलंय:
शिल्लक खोटी.
आणि पूर्ण सही,
बापाच्या नावासकट.